हॉलमधला नीलमोहर

शालूबाई टिळकवाडीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला आता अडीच वर्षं झाली. बोरगावची जमीन पुतण्याला कसायला दिली होती, गुडघे उंबरा ओलांडतानाही कुरकुरत होते, आणि मुलगा युवराज दर रविवारी येऊन "आई, चल की" म्हणून ओसरीवर बसून राहायचा. शेवटी एक ट्रंक, एक पितळी तांब्या आणि मिसरीची डबी एवढा संसार घेऊन त्या निघाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात सगळं होतं, फक्त करायला काही नव्हतं. सून माधवी हायस्कुलात गणित शिकवायची. सकाळी सातला तिचे डबे भरून ओळीनं उभे असत आणि ओटा असा लखलखीत असे, की त्यावर पाण्याचा पेला ठेवताना शालूबाईंना काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटे. युवराज बँकेत जाई, नात सौम्या शाळेत. सगळे गेले की शालूबाई हॉलच्या मोठ्या खिडकीशी खुर्ची ओढून बसत आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत. अकरा वाजेपर्यंत सगळ्यांना ठेवून होई. मग त्या बोरगावला धाकट्या जावेला, मनुबाईला, फोन लावत आणि राहिलेल्यांना दोघी मिळून नावं ठेवत.

अशात एके संध्याकाळी युवराज रिक्षातून कमरेएवढं एक झाड घेऊन आला. पानं लाजाळूसारखी बारीक, वाऱ्याशिवाय हलणारी.

"आई, तुझ्यासाठी. नीलमोहर हाय. बुटक्या जातीचं कलम. घरात खिडकीशी ठेवलं तरी फुलतंय म्हणाला नर्सरीवाला."

"आन फुलाचं काय करायचं? देवाला चालतंय?"

"देवाचं म्हाईत न्हाय. बघायचं."

"नुसतं बघायचं?"

"नुसतं."

शालूबाईंना हसू फुटलं ते आवरेना. बेचाळीस वर्षं त्यांनी तंबाखू केला होता. तंबाखूच्या झाडाला फूल येऊ द्यायचं नसतं. शेंड्याला कळ्यांचा घोस दिसला की खुडायचा, बगलेत फुटवा दिसला की काढायचा, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो आणि पान जाड, कडक होतं. लग्न होऊन आल्या त्या पहिल्या हंगामात सासूनं त्यांना सरीत उभं करून उजव्या अंगठ्याचं नख कसं लावायचं ते दाखवलं होतं. डाव्या हातानं शेंडा वाकवायचा, उजव्यानं खुडायचा, मागं न बघता टाकायचा आणि पुढच्या झाडाशी जायचं. बियाण्यासाठी चार झाडं बांधाकडेला सोडत, पण त्यांच्या फुलांवरही कापडाच्या पिशव्या बांधलेल्या असत. म्हणजे आयुष्यभर झाडांत राहून या बाईनं आपल्या हातचं एक फूल धड फुलू दिलं नव्हतं.

हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदाच उमगलं. कुणाला बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर मनुबाईला तेवढं म्हणाल्या, "मला ह्ये फुललेलं बघायचं हाय बग. लई येड्यासारखं वाटतंय, पर बघायचं हाय."

"बग की मग," मनुबाई म्हणाली. "तुला कोण आडवतंय?"

आता कुणी अडवणार नव्हतं, त्यामुळे शालूबाई कामाला लागल्या. खिडकीत सकाळचं ऊन दहापर्यंत राही; कुंडी त्या उन्हात बसेल अशी त्यांनी सरकवून घेतली. झाड उजेडाकडं मान वळवतं हे आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा दर सोमवारी महादेवाचं नाव घेऊन कुंडी पाव फेरा फिरवायची असा नेम झाला. पाणी घालण्याआधी बोट मातीत पेराएवढं खुपसून बघायचं. ओल लागली तर तांब्या परत. महिन्यातून एकदा युवराजनं कुंडी ओढत न्हाणीघरात न्यायची आणि शालूबाईंनी झाडाला वरून कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं. युवराज दारात उभा राहून म्हणायचा, "आई, मला लहानपणी इतकं घासून न्हाऊ घातलंतंस का गं?"

"तू कुठं फुलणार हुतास," शालूबाई म्हणायच्या.

पहिल्या पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस धरला. माधवीनं बाजारातून औषधाची बाटली आणायचं ठरवलं, पण तोवर शालूबाईंनी मनुबाईकडून एसटीनं तंबाखूच्या काड्या मागवल्या, रात्रभर भिजवल्या, सकाळी उकळल्या आणि गाळून झाडावर शिंपडल्या. कीड दोन दिवसांत गेली. वास नऊ दिवस राहिला. माधवीच्या शाळेतल्या एक बाई पेपर द्यायला आल्या होत्या, त्या जाताना हळूच विचारून गेल्या, की घरात कुणाला ही सवय आहे.

झाड मात्र भरत गेलं. वर्षात ते असं डेरेदार झालं की जिना चढून येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघे. पहिल्या मजल्यावरचे नागेंद्र मास्तर तर रोज वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं येत. चिकोडीच्या कन्नड शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेले, डोक्यावर पांढरेशुभ्र भरगच्च केस, आणि त्या केसांचा त्यांना भारी अभिमान. हात पाठीमागे बांधून झाडाभोवती फिरत आणि म्हणत, "फांद्या बघा कशा फुटल्यात. एकाचे दोन, दोनाचे चार. हात आहे आक्का तुमच्याकडे, हात."

शालूबाई लाजून पदर सारखा करत.

"पण फूल? आगोदिल्ल," मास्तर लगेच पुढं म्हणत. "होणार नाही. घरात नाही. हे रस्त्याकडेचं झाड, आक्का. याला आभाळ पाहिजे."

पहिला उन्हाळा गेला. फूल आलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात शालूबाईंनी पाणी अर्ध्यावर आणलं. थंडीत झाडाला उपाशी ठेवलं की त्याला फुलायची बुद्धी होते, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, आणि गंमत म्हणजे मास्तरांनीही त्याला पुस्तकाचा आधार दिला. फेब्रुवारीत सगळी पानं गळून पडली. सौम्या शाळेतून आली, काटक्यांचा तो सांगाडा बघितला आणि रडायला लागली.

"मेलं न्हाय गं. कापडं बदलतंय," शालूबाईंनी तिला जवळ घेतलं.

याच उघड्या-वाघड्या दिवसांत माधवीनं सोफ्याचा विषय काढला. एल आकाराचा सोफा तिनं बघून ठेवला होता. सहा वर्षं ती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे बसवत होती आणि आता तिला ते पुरे झालं होतं. अक्षय तृतीयेला सोफा घरात येणार होता. हॉलमध्ये तो बसायला एकच कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यात कुंडी होती.

"आत्या, स्पष्टच विचारते. हे फुलणार आहे का?"

"फुलंल की."

"कधी?"

"त्येला इच्चारून सांगतो."

माधवी हसली नाही. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं बघावं तशी तिनं झाडाकडं बघितलं. "अक्षय तृतीयेला दुपारी बारापर्यंत एक फूल. एकच. आलं तर कोपरा तुमचा, सोफा मी कुठंही लावीन. नाही आलं तर कुंडी खाली कंपाउंडात. तिथं ऊनही भरपूर आहे."

खाली म्हणजे स्कूटरींच्या रांगेत. तिथल्या तुळशीला मागच्या वर्षी कुणाच्या तरी स्टँडनं आडवं केलं होतं. शिवाय तीन जिने उतरून झाडाजवळ जायचं म्हणजे शालूबाईंच्या गुडघ्यांना आठवड्यातून एकदाच जमलं असतं. पण सून रास्त बोलत होती. घर तिचंही होतं, पाठ तिचीही दुखत होती.

"ठरलं," शालूबाई म्हणाल्या.

मार्चमध्ये काटक्यांना हिरवे ठिपके आले. शालूबाईंचा दिवस आता सकाळी चष्मा पुसण्यानं सुरू होई. कोंब वाढले, शेंडे टरारले, एका शेंड्याला राईएवढ्या दाण्यांचा घोस दिसला. सौम्यानं तो मोजला. सतरा दाणे. शालूबाईंनी त्या आनंदात तिला दुपारी तीन वाजता शिरा करून घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतात तर तो शेंडा नव्हता.

फांदी होती. पानं होती. टोक तेवढं साफ गेलेलं, कुणी ब्लेडनं उडवावं तसं.

मग रोज एक-दोन जाऊ लागले. शालूबाईंनी आधी कबुतरांवर संशय घेतला आणि खिडकीच्या वरच्या भागाला जाळी लावून घेतली. शेंडे जातच राहिले. मग उंदरावर. युवराजनं पिंजरा आणून कुंडीशेजारी ठेवला, त्यात भजी लावली. चार दिवसांनी ती भजी वाळून कडक झाली. मग भांडी घासायला येणाऱ्या बाईला आडून आडून विचारून झालं, तेव्हा ती म्हणाली, "आज्जी, तुमच्या त्या झाडाजवळनं जायाला बी मला भ्या वाटतंय, पान पडलं तर माझ्यावर याचं." मग सौम्याची उलटतपासणी झाली.

"आज्जी, मी सकाळी आठला जाते, चारला येते."

"आन चारनंतर?"

"चारनंतर तू मला तिकडं फिरकू देतेस का?"

हेही खरंच होतं. एप्रिलचा पहिला आठवडा आला आणि दहा-बारा घोसांपैकी वरचे तीनच उरले. माधवीला सुट्टी लागली होती. ती टेप घेऊन दोनदा कोपरा मोजून गेली होती. आणि मग शालूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झाड फुलू नये असं कुणाला वाटत होतं? फूल येणार नाही असं घसा कोरडा करून कोण सांगत होतं? रोज हात पाठीमागे बांधून झाडाभोवती कोण फिरत होतं, आणि त्या हातांत काय होतं?

रविवारी सकाळी, वरचा एकच घोस उरला असताना, मास्तर वर्तमानपत्र उघडून बसले होते. युवराज चहा पीत होता, माधवी भाजी चिरत होती, सौम्या गृहपाठाचं नाटक करत होती. शालूबाई झाडापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी घसा साफ केला.

"मास्तर, मी तुमच्यावर आळ घेत न्हाय."

मास्तरांनी पेपर खाली केला. "काय झालं आक्का?"

"काय झालं न्हाय. पर ह्या घरात आम्ही चौघं, आन रोज झाडाभवती फिरणारं एक तुम्हीच. मी कसं म्हणू? शिकलेलं मानूस. पर शेंडा आपसूक तर तुटत न्हाय. तुम्ही पयल्यापास्नं म्हणताय, फुलणार न्हाय, फुलणार न्हाय. आता एकांद्याला आपला शब्द खरा व्हावा असं वाटतंय. वाटू दे. मानसाचा सोभाव हाय. पर त्यासाठी कुणी जिवंत झाडाचं..."

त्या थांबल्या, कारण समोरचे चौघेही त्यांच्या तोंडाकडं न बघता भलतीकडंच बघत होते. युवराजचा कप हवेत होता. माधवीची सुरी भेंडीवर टेकून थांबली होती.

"आक्का," मास्तर फार हळू आवाजात म्हणाले, जणू झोपेत चालणाऱ्या माणसाशी बोलत होते. "तुमचा हात."

शालूबाईंनी आपल्या हाताकडं बघितलं. डाव्या हातानं फांदी वाकवून धरली होती. उजव्याच्या अंगठ्यात आणि बोटात एक शेंडा होता, घोसासकट, नुकता खुडलेला, ओला. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो हात मागं न बघता खांद्यावरून खिडकीबाहेर गेला, आणि रिकामा परत आला.

सौम्या उठली, खिडकीतून वाकली आणि खाली स्कूटरींच्या पत्र्याच्या शेडकडं बघून म्हणाली, "अय्यो. आज्जी, सगळे इथं आहेत."

खरंच सगळे तिथं होते. ताजे, सुकलेले, वाळून तपकिरी झालेले, मागच्या वर्षीचे धरून. पत्र्यावर असा सडा पडला होता की कुणाला वाटावं, शेडलाच काहीतरी उगवलंय. रोज अकराच्या सुमारास, खिडकीत उभं राहून मनुबाईशी फोनवर बोलताना, कान जावेच्या गोष्टीत आणि हात आपल्या कामात. झाड डेरेदार झालं होतं ते उगीच नाही. एकाचे दोन, दोनाचे चार.

शालूबाई खुर्चीत बसल्या. तोंड कसंनुसं झालं. "मीच," त्या म्हणाल्या. "मीच खुडतोय व्हय."

युवराजनं कप ठेवला, तोंड दाबलं, पण उपयोग झाला नाही; चहा नाकातून आला. त्याला बघून सौम्या सुटली. माधवीनं सुरी खाली ठेवून पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मास्तर काही क्षण सभ्यपणे बसून राहिले, मग त्यांच्या पोटातून असा आवाज निघाला की तो कन्नड होता की मराठी हे कुणालाच कळलं नाही. आणि शालूबाई, ज्या रडण्याच्या अगदी काठावर होत्या, त्याच हसत सुटल्या. इतक्या हसल्या की खुर्ची सरकली, पदर सुटला, आणि "आगं आई, मास्तरांवर आळ घेत हुतो" असं म्हणत त्यांनी गुडघे बडवले. मग थोड्या वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पर आता संपलं की. वर एक बी ऱ्हायला न्हाय."

मास्तरच खाली बसले, जमिनीला जवळजवळ गाल टेकवून बघू लागले. "एक आहे."

अगदी बुडाशी, कुंडीच्या काठाला टेकलेली एक फांदी होती, गुडघ्याच्याही खाली. तिथवर शालूबाईंना वाकता येत नव्हतं म्हणून वाचलेली. तिच्या टोकाला घोस होता, धन्याएवढ्या कळ्यांचा. अक्षय तृतीयेला वीस दिवस होते.

त्या वीस दिवसांत त्या इमारतीत जे झालं ते कुठल्याही सोसायटीच्या सभेत मंजूर झालं नसतं. पहिला प्रश्न हाताचा होता. शालूबाईंनी अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलं, पण त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. सौम्यानं थंडीतले लोकरीचे हातमोजे काढून दिले. एप्रिलच्या उकाड्यात लाल हातमोजे घालून शालूबाई हॉलमध्ये बसू लागल्या. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस त्यांना बघून सिलिंडर उंबऱ्यातच ठेवून गेला. शेवटी माधवीला उपाय सापडला. हाताला काम पाहिजे, तर काम द्यायचं. मनुबाईचा फोन आला की सासूच्या मांडीवर लसणाची परडी ठेवायची. लसूण सोलून तीन बरण्या भरल्या. मग मेथी. घरची मेथी एका फोनात निवडून झाली, तेव्हा पहिल्या मजल्यावरून मास्तरीणबाईंनी आपली पाठवली. तळमजल्यावरून पावट्याच्या शेंगा आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांकडं मुंज होती, त्यांनी कोथिंबिरीचं पोतंच वर चढवलं. अकरा वाजले की जिन्यात परड्यांची रांग लागे, आणि शालूबाई फोन कानाशी धरून बोरगावची खबरबात घेत सगळ्या इमारतीची भाजी निवडत.

"आक्का, तिकडं कसला आवाज येतोय गं?" मनुबाई विचारी.

"पावटा."

"तुम्ही शहरात लई काम करताय बाई."

कळ्या वाढत होत्या. रोज सकाळी मास्तर फूटपट्टी घेऊन येत, जमिनीवर पसरत आणि आकडा सांगत. सौम्या तो दिनदर्शिकेवर लिही. ज्या माणसानं फूल येणार नाही म्हणून दोन वर्षं सांगितलं, तो आता कुंडीत साबणाचा एक थेंब उडाला म्हणून भांडीवालीवर कन्नडमध्ये चिडत होता. युवराज बँकेतून दुपारी फोन करून "हलली का?" विचारी. माधवी तेवढी अलिप्त होती. पण एकदा शालूबाई मिसरी लावून बाहेर येतात, तर ती पहाटेच्या उजेडात कुंडीपुढं उकिडवी बसलेली. सासूला बघून पटकन उठली आणि म्हणाली, "कानातलं पडलं होतं." तिच्या दोन्ही कानांत कानातली होती.

अक्षय तृतीयेच्या सकाळी कळ्या निळ्या झाल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकाशी घट्ट मिटलेल्या. अकरा कळ्या आणि एकही फूल नाही. आणि साडेदहाला सोफ्याचा टेम्पो आला.

सोफा दोन तुकड्यांत होता. मोठा तुकडा दोघा माणसांनी डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आणला आणि वळणावर तो अडकला. वरच्यांना खाली जाता येईना, खालच्यांना वर येता येईना.

"बाई, कोपरा रिकामा हाय का?" खालून एकानं विचारलं.

"बारा वाजता सांगते," माधवी म्हणाली.

"आँ?"

"एक फूल फुलायचं आहे. बसा जरा, पन्हं देते."

ती दोघं जिन्यातच सोफ्यावर बसून पन्हं प्याली. तिसरा ग्लास घेताना एक जण म्हणाला, "कसलं फूल?" आणि मास्तर त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागले.

शालूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. आजूबाजूला लसूण नव्हता, मेथी नव्हती. सणाच्या दिवशी कुणाची भाजी निवडायची राहिली नव्हती. समोर कळी होती. पाटावर बसून घसरत गेलं तर हात पोचला असता. टोकाशी नख लावलं, नुसतं जरासं उकललं, तर उघडलं असतं. कुणाला काय कळणार होतं? तेवढं एक नख लावलं की कोपरा आपला. शालूबाईंनी उजवा हात उचलला, त्याच्याकडं बघितलं, मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून बसून राहिल्या. साडेअकरा झाले. हातांना मुंग्या आल्या. पावणेबारा झाले.

बाराला सहा कमी असताना माधवी टेप घेऊन आली. खाली बसली, टेपचं एक टोक भिंतीला लावलं, दुसरं ओढत कुंडीपर्यंत आणलं. आणि तशीच थांबली. टेप तिच्या हातातून सुटून सर्रकन परत गेला.

फूल भिंतीच्या बाजूला होतं. शालूबाईंना खुर्चीतून ते दिसणं शक्य नव्हतं, दारातल्या युवराजला नव्हतं, कुणालाच नव्हतं. माधवीनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. सहा वर्षं तिनं प्लास्टिकच्या खुर्च्या पुसल्या होत्या. सहा मिनिटं गप्प बसायचं होतं.

"आत्या," ती म्हणाली. "आलंय. एक."

"काय एक?"

"फूल. भिंतीकडून. उघडलंय पूर्ण." आणि मग गणिताच्या बाईचा आवाज तिचा तिलाच आवरेना. "आणि दुसरं उघडतंय, आत्या, माझ्यासमोर उघडतंय, थांबा, हात द्या, सौम्या आज्जीला धर, युवराज ती कुंडी फिरव, हळू, हळू रे."

शालूबाईंचे हात झोपले होते, त्यामुळं त्यांना खुर्चीतून दोघांनी मिळून उचलावं लागलं. मग गुडघे काही म्हणोत, त्या सरळ जमिनीवरच बसल्या. फूल लांबट होतं, पेल्यासारखं, तोंडाशी किंचित मुडपलेलं. निळं म्हणावं तर जांभळं, जांभळं म्हणावं तर निळं. शालूबाई बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "आगं बया, कसं बसलंय बग." एवढंच त्या चार वेळा म्हणाल्या.

सोफा आला. माधवीनं तो खिडकीला पाठ करून लावून बघितला, भिंतीला लावून बघितला, आणि शेवटी हॉलच्या मधोमध झाडाकडं तोंड करून लावला. त्यामुळं टीव्ही सगळ्यांच्या मागं गेला. युवराजला आता क्रिकेट बघायचं तर सोफ्यावर उलटं गुडघे टेकून पाठीच्या कठड्यावरून बघावं लागतं. तो तसा बघतो. टेम्पोवाल्या दोघांनी जायच्या आधी फुलाचा फोटो काढला, सोफ्याचा काढला नाही.

तीन दिवसांत अकराही फुलं उघडली आणि इमारतीतलं कुणीच यायचं राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफा माणसांनी भरलेला असताना नागेंद्र मास्तर भिंग घेऊन आले. फुलाच्या आतले केसर मोजायचे होते त्यांना. खाली बसले, मान फांद्यांत घातली, बराच वेळ पुटपुटत राहिले आणि सावकाश उठले. "चार आहेत आक्का. आणि पाचवा वांझ. पुस्तकात आहे तसंच." आणि त्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र केसांत, अगदी मधोमध, एक निळं फूल उभंच्या उभं बसलं होतं.

सौम्याचं तोंड उघडलं. शालूबाईंनी तिच्या मांडीवर हात दाबला.

"लई उपकार झाले मास्तर," त्या शक्य तितक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "सावकाश जावा. जिन्यात मान हलवू नका, चक्कर येईल."

मास्तर मोठ्या डौलात सगळ्यांना नमस्कार करून निघाले. सोफ्यावरच्या सात जणांनी श्वास धरला. पावलं एक जिना उतरली. दुसरा उतरली. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, क्षणभर काहीच नाही, आणि मग मास्तरीणबाईंचं हसू जिन्यातून असं वर चढत आलं की तिसऱ्या मजल्यावर कुणाला धरून ठेवणं शक्यच राहिलं नाही.